बत्तीस जीबी

मसाला मार्केटात माझा गाळा नाही.
सहा गाळ्यांचे हिशेब मात्र माझ्याकडे,
आणि सहाही गाळ्यांचा जुना संगणक
माझ्या पर्समध्ये, घराच्या किल्लीशेजारी,
बोटाच्या पेराएवढा.

मूळचा होता तो दोन हजार अकराच्या जुलैत गेला.
हळदीची धूळ पंख्यात साठत साठत
पिवळं पिवळं खोकत गेला.
नणंदेचा शार्दूल तेव्हा डिप्लोमाला.
आदल्या रात्री बसून त्यानं सगळाच्या सगळा उतरवून घेतला.
मी म्हटलं, जीव काढून घेतलास की रे.
तो म्हणाला, इमेज म्हणतात, मामी.

आता जाईन त्या गाळ्यात
पेन ड्राइव्ह खोचते
(ही तिसरी, आधीच्या दोन झिजल्या),
नव्या खिडकीत जुनी खिडकी उघडते.
यजमानाकडून दोन जीबी उसने,
निघताना परत.
परक्या ओट्यावर चूल मांडायची
आणि राखसुद्धा पदरात घेऊन उठायचं.

आत गजबेकाकांचा प्रोग्राम आहे.
त्यात 'मीरची' दीर्घ आहे.
एकदा ऱ्हस्व करून पाहिली,
तर ताळेबंदाला तेरा हजारांचं भोक पडलं.
तेव्हापासून व्याकरणाला हात लावत नाही.

घड्याळ शार्दूलनं बांधून घातलंय,
नाहीतर लायसन संपतं म्हणे.
म्हणून आत रोज बारा जुलै, सकाळचे नऊ चाळीस,
आणि रोज कोपऱ्यात काकांची पिवळी चिठ्ठी:
सावंताकडून छत्री आणणे.
मी दाबते: नंतर आठवण कर.
व्हाउचरवर आजची तारीख हातानं घालते.

गेल्या गुरुवारी लवंगवाल्यांच्या नव्या पोरानं
मोबाइल चार्जिंगला लावायला
तीच उपटली.
पडदा थिजला. जिऱ्याची नोंद अर्धी.
पोरगा म्हणाला, काय झालं काकी, लाइट तर आहे.

कोपरखैरण्याला येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.
कुकर लावला, लेकीचा लॅपटॉप घेतला, खोचली.
आधी काळा पडदा. मग इंग्रजीत तक्रार,
नीट बंद केलं नाहीत.
मग बराच वेळ काही नाही.
तिसऱ्या शिट्टीला
नऊ चाळीस.
सावंताकडून छत्री आणणे.

काकांना मुरबाडला फोन लावला.
त्यांना आता कानाला यंत्र लागतं,
छत्री तीनदा म्हणावं लागलं.
हसले.
'आणली गं, त्याच संध्याकाळी.
दांडा मोडला होता मेल्यानं.
अजून मागतंय होय ते?'
मग, थांबून:
'मीरची तशीच आहे ना?'

तशीच आहे, म्हटलं.
अर्धं जिरं पुन्हा भरलं,
सगळं एका दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवायला लावलं.
तांबडा ठिपका मिणमिणत होता,
तो विझेस्तोवर
वरण कढत राहिलं.