ताशी अर्धा लिटर

फैजपूरच्या लग्नातला आमरस
दुपारी चारपर्यंत पिंपात उभा होता.
त्रेचाळीस डिग्री. बर्फ कधीचा संपलेला.
मी दोन वाट्या घेतल्या. सगळ्यांनीच घेतल्या.

बाकीचे रात्रीतून तीनदा उठले
आणि सकाळी चहा पीत एकमेकांना हसले.
माझं उठणं-बसणं नसतं.
माझं पोटावरून चालतं, उजव्या बाजूनं,
नाशिकला मोठं आतडं काढलं तेव्हापासून.
केळफुलाच्या टोकासारखं लाल, ओलं,
पेरभर बाहेर आलेलं.
चंद्रकला त्याला कमळ म्हणते.

दीडला पिशवी फुगली.
दोनला पुन्हा.
मग मी मोजायला लागलो, सवयच ती.
सत्तावीस वर्षं ठिबकच्या नळ्या अंथरतोय
सावद्यापासून रावेरपर्यंत,
कुठला ड्रिपर किती टाकतो
ते नुसतं ऐकून सांगतो.
खताच्या मापात ओतून पाहिलं:
ताशी अर्धा लिटर.
पिवळं पाणी. कणसुद्धा नाही.

तहान अशी, की माठाकडे बघून रडू यावं.
दोन तांबे घटाघटा प्यालो
आणि अर्ध्या तासात दोन्ही तांबे
पोटावर लोंबत होते.
तिसरा चंद्रकलेनं हातातून काढून घेतला.
"नुसतं पाणी नको. आतलं मीठही धुऊन नेईन ते."
मीच शिकवलेलं तिला, बरा असताना.
शेतकऱ्यांनाही हेच सांगतो,
पाणी सोडलं म्हणजे झाडाला मिळालं असं नाही.
तिनं ओआरएसची पुडी फोडली,
चमचा, मग थांब, मग चमचा.
मी तिला शिवी दिली. तिनं पुढचा चमचा धरला.

पहाटे पोटऱ्यांत पेटके,
पायाची बोटं आपोआप एकमेकांवर चढलेली.
मनगटाची कातडी चिमटीत धरली
ती तशीच उभी राहिली, सरीच्या वरंब्यासारखी.
पिशवीची कड सुटली,
खाली मिरची चोळल्यासारखी आग.
कपाटात दोनच उरलेल्या,
आणि जळगावचं दुकान अकराला उघडतं.

दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला,
"जुलाब किती वेळा?"
काय सांगू?
फुटक्या नळीला कोणी विचारतं का, किती वेळा?
"लिटरमध्ये सांगतो," म्हटलं. "सव्वातीन."
तो हसला.
डॉक्टर तडवीबाई हसल्या नाहीत.
शर्ट वर करून पाहिलं, जीभ पाहिली.
"लघवी कधी झाली?"
लग्नात. आमरसाआधी.

शीर सापडेना.
उन्हाळ्यात बंद पडलेल्या लॅटरलसारख्या
सगळ्या चपटलेल्या.
तिसऱ्यांदा सुई बसली आणि
वरच्या बाटलीतून थेंब सुटला.
त्याच्याकडे बघत पडलो.
मिनिटाला किती, तासाला किती,
ही बाग किती वाजता भिजेल.

दुपारी लोटूभाऊंचा फोन:
"दादा, व्हॉल्व्हखालून लय गळतंय,
मागची केळी माना टाकताहेत."
मी म्हटलं, आधी मेन बंद करा.
माझा आवाज त्यांना ओळखू आला नाही.
"कोण बोलतंय?" म्हणाले.

तिसऱ्या बाटलीनंतर, पाचच्या सुमाराला
लघवी झाली. काळ्या चहाच्या रंगाची.
चंद्रकलेनं भांडं खिडकीच्या उजेडात धरलं,
माप वाचलं,
आणि त्याच लग्नाच्या पत्रिकेमागे लिहिलं:
साठ.
एवढ्या आनंदानं तिनं
माझा पगारही कधी लिहिला नव्हता.

रात्री खारट पेज,
आणि साल काळं पडलेलं एक केळं,
बाजारात ज्याला कोणी हात लावत नाही तसलं.
दहाला पिशवीत
काहीतरी जाडसर उतरलं.
तिनं बोटानं बाहेरून दाबून पाहिलं.
"धरलं," म्हणाली,
लागणीनंतर आठव्या दिवशी
रोपाकडे बघून म्हणतात तसं.

मग उद्या पिशव्या आणायला
जळगावला उन्हाचं कोण जाणार
यावरून आम्ही बराच वेळ भांडलो.