पाच फूट चार

कलेक्टर ऑफिसातून फोन आला: पाच फूट चार इंचांचा
माणूस पाहिजे, पोट असलं तर बरं.
बांधकाम खात्यात असे आम्ही तिघं.
लांजेवार रजेवर, हेडाऊला उभ्याउभ्या चक्कर येते,
म्हणून मी, नत्थू पराते, आवक-जावक टेबल,
तीन दिवसांसाठी पालकमंत्री झालो.

कस्तुरचंद पार्क, सकाळचे साडेसहा.
चुना ओला, खुर्च्या अजून पालथ्या.
किल्ल्याच्या टेकडीवरून थंडी उतरत होती
पास असल्यासारखी, थेट मंचापर्यंत.
एका हवालदारानं माझ्या चपलांभोवती खडू फिरवला.
म्हणाला, हलू नका साहेब.
मी मागे वळून पाहिलं.
हलू नका म्हटलं ना.

मग उघडी जीप. दांडी धरून उभा.
शहर पोलिस, राखीव दल, होमगार्ड, कामठीचा बँड,
एनसीसीच्या पोरी, स्वेटर दिसू नये म्हणून
गळा आत दुमडलेल्या.
दाहिने देख!
आणि अडीचशे मुंडकी एकदम माझ्याकडे.
तिसऱ्या रांगेत आमच्या गोळीबार चौकातला निनावे.
दिवाळीत नळावरून माझी कॉलर धरली होती त्यानं.
तोही बघत होता. बघावंच लागतं.
मी हात कानशिलाला लावला.
खरं सांगतो, माफबिफ काही केलं नाही.
फक्त विसरलो, निनावे म्हणून कोणी आहे.
त्यांचं असंच होत असेल का, रोज?

भाषणाच्या वेळेला म्हणाले, अकरा मिनिटं
माइकसमोर नुसतं उभं राहा.
राहिलो. माइक चालू होता.
माझा श्वास संविधान चौकापर्यंत ऐकू गेला.
तिथल्या चहावाल्यानं नंतर विचारलं,
काहून बावा, दमा हाये का?

सव्वीसला माझी ड्यूटी मागे, पाण्याच्या जारजवळ.
विमान उशिरा. पन्नास मिनिटं
पोरी तशाच सावधानमध्ये. एक कोसळली.
शेजारचीनं पाऊल सरकवलं,
रांगेत भोक दिसू नये म्हणून.
हे रंगीत तालमीत नव्हतं.

मग ते आले. फेटा, मागे सफारीवाले.
सलामी घेताना कोपर पडलं त्यांचं.
माझं तिन्ही दिवस पडलं नव्हतं.
इकडे जारचा नळ चालू, ग्लास भरून वाहतोय,
आणि माझा हात मला न विचारता वर.
जारवाल्या पोरानं पाहिलं.
नळ बंद केला, बोलला काही नाही.

संध्याकाळी मंडपवाले फळ्या उचलत होते.
मी चढून बघितलं.
माझ्या चपलांचा खडू तसाच,
आत बुटांचे ठसे, लहान, जरा तिरपे.
सहा नंबर लागत असेल.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, पैसे किती?
पैसे नाही. पोह्याचं कुपन होतं, तर्रीसकट.

यंदा मंत्री बदलले. पाच फूट अकरा.
वीज कंपनीतला कोणी शेखू म्हणून उंच पोरगा उभा राहतो.
काल ऑफिसला जाताना मी कुंपणापाशी थांबलो, सायकल हातात.
जीप जवळून गेली.
त्यानं माझ्यावरून नजर फिरवली, पुढे नेली.
मी सायकल कुंपणाला टेकवली,
पाय जुळवले.