सात पूर्णांक चार

महाप्याच्या प्लॉटवर रात्रपाळीत
दोन लिटरचं काचेचं भांडं घुमतं,
आणि पीएच मीटर दर मिनिटाला तेच सांगतो:
सात पूर्णांक चार.
म्हणजे सगळं ठीक.

ठीक असतं तर तिसरं विकर
असं फुरंगटून बसलं नसतं.
पहिलं साखरेचं आम्ल करतं,
दुसरं त्यात निघालेलं विष निपटतं,
तिसरं दोन तासांत गळून जातं.
हेच तिसरं वेगळ्या नळीत एकटं ठेवा,
पहाटेपर्यंत राबतं, कुरकुर नाही.

चौदा बॅच फेकल्या मी.
पुरवठादाराला तिरकस मेल लिहिला.
वहीत 'विकर वाईट', खाली दोन रेघा.

हर्षला तांडेल, दिवाळे गावची,
कुप्या विसळता विसळता म्हणाली,
"सर, मीटर कुठे बुडवलाय?"
कुठे म्हणजे? भांड्यात.
"पण ते तर मण्याच्या आत राहतं."

मग नळ बंद करून,
"बाबा खाडीचं पाणी जिभेवर घेतात.
पुलाखाली वेगळं, तिवराच्या मुळाशी वेगळं,
मध्ये हातभर अंतर नाही.
जिताड्याला ते कळतं.
खाडी किती खारट, असं विचारलंत
तर हसतील तुम्हाला."

वाळूच्या कणाएवढा मणी.
त्यात भोकं, बोगदे, बिऱ्हाडाला लागून बिऱ्हाड.
पहिल्याच्या दारात आम्लाचं डबकं,
निघायला बोळ अरुंद,
आणि समोरच तिसऱ्याचा उंबरा.
बिचारं वाकून गेलं होतं, घडीच बिघडलेली.
बाहेर दोन लिटरभर
सात पूर्णांक चार.

कोळंबीच्या टरफलांचं कायटोसान
फडताळात पडूनच होतं.
तिसऱ्याला त्याचा पातळ लेप दिला,
धनभाराचं कुंपण,
आम्लाला 'जरा लांब' म्हणणारं.

अडतीस टक्क्यांवरून एकसष्ट.
एकसष्टच का, ते अजून कळलेलं नाही.

'विकर वाईट' खोडलं.
त्या जागी काय लिहावं, सुचेना.
सहा वाजत आले होते, टपरीवाल्याचा स्टोव्ह पेटला होता.
हर्षलाने मीटरचं टोक पुसलं,
क्षाराच्या पाण्यात अलगद बुडवून ठेवलं.
"कोरडं पडलं," ती म्हणाली,
"तर हेही खोटं बोलायला लागतं."