माया

एकाच माणसाची तीन मापं आहेत माझ्या वहीत.
सायलू भुसलवाड, कंडक्टर, देगलूर डेपो.
दसऱ्याच्या आधी कंबर अडतीस.
संक्रांतीला चौतीस.
आज टेप धरली, आकडा बघितला
आणि उगाच चष्मा पुसत बसलो.
"तीस हाय," तोच बोलला. "लिव्हा की, लाजता कशाला?"

जठर बरंचसं नांदेडलाच राहिलं.
आता पोटात पिशवी नाही, म्हणतो, नुसता बोळ आहे,
पुढून घास शिरला की मागच्या दारी हजर.
परवा मेव्हण्याकडं दोन चमचे शिरा खाल्ला,
तर अंगभर घाम, छातीत इंजिन,
तासभर ओसरीवर आडवा.
वाढणारीनं पातेलं तिथंच ठेवलं
अन् रडायला बसली.

रेशनच्या काट्यावर उभा राहतो दर सोमवारी.
चौऱ्याहत्तरचा चोपन्न.
"वीस किलो लगेज, मामा,
कुठल्या थांब्यावर उतरलं कळलंच नाही.
तिकीटसुद्धा फाडलं नव्हतं मी त्याचं."
हसला. गालाची हाडं आधी हसली,
मग तो.

खाकी पँट उलटी करून पसरली.
एवढी आत घ्यायची तर मागचे दोन खिसे
एकमेकांना टेकतात.
जादा कापड उडवावं म्हणून कात्री उचलली,
तशी अनुसया पायरीवरून आत आली.
"कापू नका. आत दुमडा.
माया राहू द्या."

चार बोटं माया कुणी ठेवत नाही.
बसताना गोळा होईल, टोचेल, मी म्हणालो.
"टोचू द्या," सायलू बोलला,
"तेवढंच भरल्यावाणी वाटल."

एवढ्यात तिच्या पिशवीत मोबाइल वाजला.
अकराचा गजर.
दिवसातून सहा वेळा वाजतो,
कारण भूक कशी लागते
हेच तो विसरलाय.
स्टुलावर बसून त्यानं डबी उघडली:
अर्धी वाटी सुशीला, वर दाण्याचा कूट.
पाणी नाही. पाणी अर्ध्या तासानं.

मी मशीन थांबवली.
चावण्याचा आवाज येत होता,
आणि बाहेर बिदरची गाडी पुकारत होते.
त्यानं मान वर केली,
ओठांवर नंबर आला असणार गाडीचा,
पण तोंडात घास होता.

वहीतली आधीची दोन मापं पेनानं लिहिलेली.
हे तिसरं
मी पेन्सिलनं लिहिलं.