डावी बाजू

नातं खरं आहे, याचे पुरावे जोडा,
असं फॉर्मवर लिहिलं होतं.
मी जोडले.
कंपालातल्या हॉलमधले बेचाळीस फोटो,
त्यातल्या नऊंमध्ये झेवदी मावशीचा अंगठा.
चौदा महिन्यांची फोनची बिलं,
पैसे पाठवल्याच्या पावत्या,
आणि आपलं रात्रीचं बोलणं,
तिग्रिन्यातून इंग्रजीत करून, पानाला बत्तीस डॉलर.
भाषांतर करणारा मुलूगेता आमच्याच चर्चमधला.
तू मला 'काळजा' म्हटलंस तिथे
त्यानं समासात टीप दिली: प्रेमाचं संबोधन.
पुढचे कितीतरी रविवार
तो माझ्याकडे बघायचं टाळायचा.

अकरा रात्री. एवढाच संसार झाला होता आपला.
गेस्ट हाउसची भोकं पडलेली मच्छरदाणी,
खाली मोटारसायकलवाल्यांचा गलका,
आणि बाराव्या दिवशी माझं विमान.

मग नैरोबीहून तुझ्या मुलाखतीची तारीख आली.
फोनवर उजळणी केली आपण, शाळकरी पोरांसारखी.
तिच्या आईच्या वडिलांचं नाव?
केकचा रंग?
ती हॉस्पिटलात काय करते?
फरशी पुसते म्हण, गिर्माय, लाजू नकोस.
अंथरुणात कोण कुठल्या बाजूला?

दोघंही गप्प.
अकरा रात्रींत बाजू कुठे ठरते?
शेवटी तूच म्हणालास: मी डावी, तू उजवी.
विजेच्या बिलाच्या पाकिटावर मी लिहून घेतलं.

जानेवारीत आलास. सास्काटून, उणे चौतीस.
मी जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला कोट
तुला बाहीत दोन बोटं आखूड.
पार्किंगमध्ये गाड्यांना विजेच्या वायरी लावलेल्या बघून
विचारलंस, ह्या सगळ्या आजारी आहेत का?
इतकी हसले, की थंडीनं दात ठणकले.

मी सही करून दिली होती:
तीन वर्षं ह्याचं अन्न, कपडे, दात, चष्मा, सगळं माझ्यावर.
तू भूगोल शिकवायचास.
फळ्यावर एका रेषेत नाईल काढायचास, झेवदी मावशी सांगायची.
इथे दुधाला जातानाही माझं कार्ड मागायचास
आणि पावती घडी घालून टेबलावर ठेवायचास,
जणू अजून कुणीतरी येऊन
पुरावे तपासणार आहे.

मार्चमध्ये एकदा रात्रपाळी लवकर सुटली.
पहाटे दार उघडलं, तर तू
उजव्या बाजूला, पालथा, हातपाय पसरून,
तोंड माझ्या उशीत.
इतका गाढ झोपलेला मी तुला पाहिलाच नव्हता.
चाहूल लागली तसा दचकलास,
सरपटत डावीकडे गेलास, भिंतीला चिकटलास,
आणि झोपेतच म्हणालास,
फाइलीत डावी आहे.

बूटसुद्धा न काढता मी तुझ्यापलीकडे जाऊन
त्या भिंतीच्या फटीत आडवी झाले.
हीटरचा पाइप तिथूनच जातो.
पाठीला चटका बसला.
कानाशी टक, टक, टक,
कुणी तरी आतून दार वाजवत असल्यासारखं.
तीन महिने.
मला माहीतच नव्हतं.
कुणी मुलाखतीत विचारलं असतं,
तुमचा नवरा रात्री झोपतो का,
तर मी शपथेवर हो म्हटलं असतं.

"सांगितलं का नाहीस?"
"काय सांगू? घर तुझं आहे."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
बाहेर बर्फ उपसणारं यंत्र
आपल्या गल्लीतून एकदा खाली गेलं, मग वर आलं.
मी उठले, कॉफीच्या बिया तव्यावर टाकल्या.
धूर घरभर झाला, गजर किंचाळला,
तू खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घातलास,
आणि वरूनच खोलीकडे बघत
नकाशासमोर उभं राहिल्यासारखा म्हणालास,
पलंग खिडकीखाली सरकवला तर?
आणि लगेच: कुणाला विचारावं लागेल?

कुणालाच नाही, मी म्हटलं.
उतर खाली. ते टोक धर.