झडप

डॉक्टर येल्त्येंनी कान लावला
क्नोपच्या डाव्या बरगडीशी, कोपराच्या मागे.
क्नोप म्हणजे बटण. सात किलोंचा डॅशहुंड,
टेबलावर थरथरतोय, तरी गुरगुर चालूच.
मग स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला त्यांनी.

लब्, आणि डबच्या जागी
एक लांबलेलं फुस्स.
"दार गळतंय," मी म्हणालो.

चाळीस वर्षं मी कालव्याच्या दारांवर होतो.
ओकची जड पाखं, पाण्याच्या दाबानंच मिटणारी.
कड झिजली की पाणी कशी शीळ घालतं
ते झोपेतही कळायचं मला.
आता हार्लिंगेनमध्ये बसून कुणी बटण दाबतं
आणि माझ्या खिडकीसमोर ती आपसूक उघडतात.

बरगडीवरचे केस भादरले, गार जेल फासलं.
पडद्यावर करड्या पाण्यात दोन पातळ पानं,
टोकाशी जाड, गाठाळ;
एक भलत्याच बाजूला कलंडतं,
रक्त आल्या वाटेनं मागे फिरतं,
आणि मागचा कप्पा फुगलेला
तुंबलेल्या तळ्यासारखा.

"बदलता येत नाही का?"
"शिवतात काही ठिकाणी, हृदय थांबवून.
तुमच्या बोटीएवढा पैसा लागेल, वीबे."
एक अख्खा दिवस बोट विकायला काढली होती मी.
मग त्याचं वय मोजलं. मग माझं.
"दाराला हात नाही लावायचा," त्या म्हणाल्या,
"पाण्याची समजूत काढायची."

सकाळ-संध्याकाळ गोळी, जेवणाआधी तासभर.
लिव्हर सॉसेजमध्ये दडवतो.
तो सॉसेज खातो, गोळी सतरंजीवर ठेवतो,
अगदी पावती दिल्यासारखी.
तिसऱ्या खेपेला उतरते एकदाची घशाखाली,
आणि माझा जीव भांड्यात पडतो,
त्याच्याच भांड्यात.

रात्री तो झोपला की श्वास मोजायचे.
अर्धा मिनिट, दुप्पट करायचे. तिशीच्या आत हवेत.
पाणीपातळीची जुनी वही निघाली कपाटातून,
तिच्याच रकान्यांत लिहितो:
अठरा. बावीस. वीस.

फेब्रुवारीत एका रात्री: शेहेचाळीस.
आडवा होईना. कोपरं फाकवून, मान ताणून बसलेला,
खोकला असा की हाड अडकलंय वाटावं.
काळजाचं पाणी पाणी होणं
मी आजवर नुसतं बोलत आलो होतो.
त्या रात्री ते त्याच्या फुप्फुसांत चढत होतं.

इंजेक्शन. काचेच्या पेटीत ऑक्सिजन.
पहाटे येल्त्येंच्या पायरीवर
त्यानं असा काही कालवा सोडला
की त्या गमबूट घालून हसल्या.

पूर्वी बदकांवर झडप घालायचा.
आज एकाकडे बघून पंजा उचलला,
थोडा वेळ तसाच धरला, खाली ठेवला.

चोवीस.
बाहेर मालवाहू बोट थांबलीय, दारं मिटतायत, शीळ येतेय.
मी उठून खिडकी लावतो.
मोजणी चुकायला नको.