आवाज स्पष्ट असावा

फॉर्मवर लिहिलंय: दोन मिनिटं.
चेहरा नीट दिसावा. आवाज स्पष्ट असावा.
मागे गोंगाट नको.
निबाल्दोने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं
आणि भुवया उंचावल्या:
हे काय असतं?

नोव्हेंबरात, पुंता अरेनासमध्ये,
हा प्रश्न फक्त माझा भाऊच विचारू शकतो.
सामुद्रधुनीवरून सुटलेला वारा
घराच्या पत्र्यांना असा झोंबतोय
की शेजारच्या मिलेंकोंचं कुत्रंही
भुंकण्यात अर्थ नाही असं ठरवून आत जाऊन बसलंय.

फोन उभा केलाय कालाफातेच्या जॅमच्या बरणीला टेकवून.
खिडकीला दोन घोंगड्या,
दाराच्या फटीत आईचा जुना कोट.
तो दिव्याखाली, काळा स्वेटर घालून,
म्हणजे हात उठून दिसतील.
मी फोनच्या मागे, चौकटीबाहेर.
बोलणार त्याचे हात, चालणार माझा गळा.

विषय: पवनचक्कीचं बेअरिंग बिघडलंय
हे यंत्राच्या आधी तळहाताला कसं कळतं.
बावीस वर्षं तो मनोऱ्यात चढतोय,
वर पोचला की हातमोजा काढून
गार लोखंडाला तळवा लावतोय,
मुलाला ताप आहे का बघावं तसा.
धडधाकट बेअरिंग, तो सांगतो, निजलेल्या मांजरासारखं.
बिघडलेलं, बुटात खडा गेलेल्या माणसासारखं:
दर फेरीला एकदा कळ.

पहिल्या खेपेला वारा.
दुसऱ्या खेपेला वारा.
तिसऱ्यांदा केटली, ती माझी चूक.
चौथ्यांदा मी हात वर केला तसा तो वैतागला.
आता काय?
पत्रा, म्हटलं. कुठला तरी सैल पत्रा वाजतोय.
तो उठला, पश्चिमेच्या भिंतीला तळवा लावला,
डोळे मिटून ऐकलं
(ऐकलंच म्हणेन, दुसरा शब्द माझ्याकडे नाही),
हातोडी घेऊन बाहेर गेला
आणि नेमका तोच खिळा ठोकून आला.

पाचव्यांदा सगळं जुळून आलं होतं.
वारासुद्धा दम खात होता.
त्याचे हात म्हणाले, नमस्कार, मी निबाल्दो.
मी म्हणाले, नमस्कार, मी निबाल्दो.
त्याचे हात म्हणाले, मी जन्मापासून बहिरा आहे.
माझ्या तोंडून गेलं,
मी जन्मापासून बहिरी आहे.

माझे ओठ तो लहानपणापासून वाचतो.
हसला. त्याचं हसणं मोठं, बेलगाम,
शाळेत तेवढ्यासाठी त्याला कोपऱ्यात उभं करायचे.
मीही हसले, पण जरा उशिरा.
चाळीस वर्षं मी त्याच्या वतीने ‘मी’ म्हणतेय.
डॉक्टरला, बँकेत, पोलिसाला.
मला तू आवडतेस, हेही यास्नाला मीच म्हटलं होतं,
बसथांब्यावर, माझेच कान लाल करून,
आणि ती बघत होती त्याच्याकडे.
उसना ‘मी’ वापरता वापरता
स्वतःचा कुठल्या कोटाच्या खिशात राहिला, आठवेना.
आणि आज तो असा आगंतुकासारखा
मधल्या वाक्यात येऊन बसला.

सहाव्या खेपेआधी निबाल्दो म्हणाला,
पहिली वीस सेकंदं तू गप्प राहायचं.
त्यांना काही कळणार नाही, मी म्हटलं.
बसू दे की जरा माझ्या बाजूला, तो म्हणाला.

मी गप्प राहिले.
जीभ दातांमागे धरून, शिक्षा झाल्यासारखी.
पिवळ्या उजेडात फक्त हात:
मांजर, खडा, लोखंड, उंची.
आणि बाराव्या सेकंदाला वारा परत आला,
घोंगड्या फुगल्या,
सगळ्या भिंतींमधून तो एक लांब स्वर काढत गेला.
मी हात वर केला नाही.

पाठवताना पडद्यावर सूचना आली:
सुरुवातीच्या भागात बोलणं आढळलं नाही,
तरी पुढे जायचं?
मी अजून वाचतच होते, त्याने ‘हो’ दाबलंसुद्धा.
फोन बाजूला आडवा ठेवला.
मग चमचा घेऊन बरणी उघडली.